तुम्ही विचारलंत: चौथी मेणबत्ती, प्रेमाची

सर्व वाचकांना सप्रेम सलाम. आगमनकाळ (नाताळच्या आधीचे चार आठवडे, दर रविवारी एक मेणबत्ती लावायची) ह्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, ३० नोव्हेंबरला सुरू झाला आणि चौथा रविवार येतोय २१ डिसेंबरला. ह्या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज त्या चौथ्या रविवारच्या भोवतीच आहेत म्हणून बाकीचे प्रश्न जानेवारीला ठेवलेत, रागावू नका. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) आशा, शांती, आनंद, प्रेम अशा चार मेणबत्त्या लावतात. गेल्या वर्षी मी पुण्याला मुलीकडे होते, तिथे दुसऱ्याच रविवारी प्रेमाची लावली आणि शांतीची शेवटी. बरोबर कोणाचं? आणि हे बायबलमध्ये कुठे लिहिलंय? (एक आजी, श्रीरामपूर)

आजी, दोन्ही बरोबर. बायबलमध्ये चार मेणबत्त्या कुठेच नाहीत, त्यामुळे क्रमही नाही. ही चार नावं तशी अलीकडची, प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये गेल्या काही दशकांत रुळली. काही ठिकाणी त्याच चार मेणबत्त्यांना संदेष्ट्यांची, बेथलेहेमची, मेंढपाळांची आणि देवदूतांची अशी नावं आहेत. कॅथलिक चर्चमध्ये तर रविवारांना अशी ठरलेली नावंच नाहीत, फक्त तिसरा रविवार आनंदाचा मानतात, त्या दिवशी फादर गुलाबी झगा घालतात आणि चार मेणबत्त्यांच्या चक्रातली गुलाबी मेणबत्ती लागते, कारण त्या दिवशीच्या प्रवेशगीतात पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे वाक्य येतं. बाकीच्या तीन जांभळ्या, प्रायश्चित्ताचा रंग तो. आगमनकाळ मुळात उपासाचा होता हे आपण विसरलोय. सहाव्या शतकात आजच्या फ्रान्सच्या भागात ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास असायचा, आणि आजही केरळातले सिरियन ख्रिस्ती १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांसाहार सोडतात, पुण्यामुंबईत कोणी मल्याळी शेजारी असतील तर विचारून बघा.

पण ते मेणबत्त्यांचं चक्र आलं कुठून हे मला जास्त सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे सजावट म्हणून ते आणतात आणि पुढे कोणी विचारत नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान हिनरिख विखर्न नावाचे ल्युथेरन पाळक होते, त्यांनी १८३३ साली तिथल्या गरीब आणि रस्त्यावर आलेल्या मुलांसाठी एक घर सुरू केलं. मोठं बराक नाही, मुलांनी छोट्या छोट्या कुटुंबांसारखं एकेका मोठ्या माणसाबरोबर राहायचं अशी रचना. ती मुलं डिसेंबर लागला की रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. मग १८३९ ला विखर्ननी एका जुन्या गाडीचं लाकडी चाक घेतलं, त्यावर रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या, आणि रोज प्रार्थनेच्या वेळी एकेक पेटवत गेले, म्हणजे मुलांना मोजता यावं. चार मेणबत्त्यांचं आजचं चक्र हे त्याचंच लहान रूप. ज्या मुलांची कोणी वाट बघत नव्हतं त्यांना वाट बघायला शिकवायला हे चाक टांगलं गेलं, त्यामुळे आजी, प्रेमाची मेणबत्ती दुसरी लावा नाहीतर चौथी, माझ्या मते त्या चाकावरची प्रत्येकच प्रेमाची आहे.

आम्हा दोघा भावांचं शेताच्या वाटणीवरून तीन वर्षं बोलणं बंद आहे. मंडळी एकच, तो पुढच्या बाकावर बसतो मी मागे. आता पाळकसाहेबांनी चौथ्या रविवारी मेणबत्ती लावायला आमच्या घराचं नाव घातलंय. बायको म्हणते नाही म्हणून कळवा, ढोंग होईल. चूक त्याची आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. काय करू? (एक वाचक, नेवासे तालुका)

भाऊ, तुमचं पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं आणि दर वेळी तुमच्या त्या शेवटून दुसऱ्या वाक्याशी थांबले. सगळ्या गावाला माहीत आहे म्हणता, पण गावाला कळलं कसं? थोडं त्याने सांगितलं असेल, थोडं तुम्ही. तिथूनच सुरुवात करूया, कारण २१ तारखेला कॅथलिक वाचनक्रमात आणि तो आधाराला घेणाऱ्या बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत जो भाग वाचला जाणार आहे तो मत्तय १:१८ पासूनचा, योसेफाचा. तुमच्याकडे दुसरा उतारा असला तरी हा घरी काढून वाचाच.

योसेफाला त्या क्षणी काय माहीत होतं बघा. मरीयेशी मागणी झालेली, आणि त्या काळी मागणी म्हणजे कायद्याने लग्नच, मोडायची तर सूटपत्र द्यावं लागे. ती गरोदर आहे आणि मूल आपलं नाही एवढं त्याला कळलंय. देवदूत अजून आलेला नाही, स्वप्न अजून पडलेलं नाही. त्याच्या दृष्टीने त्याचा विश्वासघात झालाय, पूर्ण झालाय, आणि नियमशास्त्र त्याच्या बाजूने आहे, बायबलच्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाचा २२ वा अध्याय काढलात तर अशा बाईला दगडमार लिहिलीय. गाव जमवायला त्याला एक शब्द पुरला असता. आणि त्याने ठरवलं की हिची बेअब्रू करायची नाही, गुपचूप सोडून द्यायचं. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो तो ह्याच जागी म्हणतो. खरं काय ते नंतर कळलं, दया आधी आली. आपण नेहमी उलटं करतो ना, आधी त्याने चूक कबूल करावी, मग आम्ही मन मोठं करू.

तर भाऊ पहिलं काम मेणबत्तीचं नाही, जिभेचं. २१ तारखेपर्यंत भावाच्या चुकीबद्दल कोणाजवळही बोलायचं नाही, बायकोजवळ नाही, पारावर नाही, मेहुण्याला फोनवर नाही, मुलांच्या देखत तर अजिबात नाही. ऐकायला सोपं वाटतं पण तीन वर्षांची सवय आहे, दुसऱ्याच दिवशी कळेल किती अवघड आहे ते. योसेफाने केलेलं पहिलं प्रेमाचं काम एवढंच होतं, गप्प राहणं.

दुसरं, शेत. प्रेम म्हणजे हक्क सोडून द्यायचा असं मी तुम्हाला सांगणार नाही, ते सांगणारे पुष्कळ भेटतील आणि मनातून सोडलेला नसताना कागदावर सोडलेला हक्क पुढच्या पिढीत भांडण होऊन परत येतो हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात जातो, वाटणी तहसीलदारांकडे नाहीतर कोर्टात होते, सातबाऱ्यावर नाव लागतं, हे सगळं रीतसर होऊ द्या, त्यात पाप काही नाही. फक्त शेताचा निकाल लागेपर्यंत भावाशी बोलायचं नाही ही जी गाठ तुम्ही दोघांनी मारलीय ती सोडवा, कारण शेत आणि भाऊ ह्या दोन वेगळ्या फायली आहेत. आईवडिलांपैकी कोणी असतील तर त्यांच्या औषधपाण्याचं बोला, पोरांच्या परीक्षेचं बोला. तेवढं पुरेसं आहे सुरुवातीला.

आता ढोंगाचं. वहिनींची भीती खरी आहे आणि त्यांच्या ठिकाणी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात स्वतःच सांगितलंय की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३, २४). पण तिथे नीट बघा, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध असेल तर असं नाही म्हटलेलं, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर म्हटलंय. म्हणजे चूक कोणाची ह्याचा निवाडा व्हायच्या आधीच उठून जायचंय, आणि जायचंय ते तुम्ही. परत येऊन अर्पण वाहायचंय हेही त्याच वाक्यात आहे, अर्पण रद्द करा असं नाही. म्हणून पाळकसाहेबांना नाही कळवू नका.

आणि मेणबत्ती लावणारा माणूस प्रेमात पास झालाय असं प्रमाणपत्र देत नाही ती. १ योहान ४ मध्ये, म्हणजे योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, स्पष्ट आहे की आपण देवावर प्रीती केली म्हणून नाही, त्याने आधी आपल्यावर केली आणि पुत्राला पाठवलं. आगमनकाळ त्याच पाठवण्याची गोष्ट आहे, येणारा तो आहे. जो भांडणात आहे, ज्याला आतून लाज वाटतेय, त्याने ती काडी धरली तर मला त्यात ढोंग दिसत नाही. ढोंग तेव्हा होईल जेव्हा काडी ओढून झाल्यावर तुम्ही जाऊन परत मागच्या बाकावर बसाल आणि पुढच्या बाकावरच्या माणसाकडे बघणार नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी आहे ना, डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही तर न दिसणाऱ्या देवावर कशी असेल.

त्यामुळे रविवारच्या आधी एखाद्या संध्याकाळी त्याच्या घरी जा. एकटे जा, मध्यस्थ नको, पंच नको. लांबलचक बोलायचं नाही, 'रविवारी मेणबत्ती आपल्या घराच्या नावाने आहे, घर आपल्या दोघांचं आहे, तू पण ये लावायला' एवढं म्हणा आणि दिला तर चहा घ्या. चर्चमध्ये सगळ्यांच्या समोर अचानक हात धरून पुढे ओढू नका हां, त्यात त्याची पंचाईत होते आणि ते प्रेमापेक्षा देखावा जास्त होतं. नाही म्हणाला तर नाही, दार लावून घेतलं तरी तुमच्याकडून गेलेला निरोप परत येत नाही. मग तुम्ही एकटे लावा. योसेफाचं सुद्धा दोन टप्प्यांत झालं, पहिल्यांदा फक्त बेअब्रू न करणं एवढंच जमलं, घरी आणणं नंतर.

ह्याच विषयावर एका बहिणीचं वेगळं पत्र आहे, छापू नका म्हणाल्यात म्हणून प्रश्न देत नाही, फक्त उत्तर देते. ताई, जिथे मारहाण आहे तिथे वरचं काहीही तुम्हाला लागू नाही. नाताळ आलाय म्हणून परत जा असं कोणी सांगत असेल, मग ते मंडळीतले वडीलधारे का असेनात, तर ऐकू नका. ह्याच योसेफाने पुढच्याच अध्यायात हेरोदाच्या भीतीने रातोरात बाळाला आणि आईला घेऊन मिसर देश गाठला. जीव वाचवायला दूर जाणं ह्याच गोष्टीत लिहिलेलं आहे. १८१ ह्या महिला हेल्पलाइनवर फोन करा आणि माहेरच्या विश्वासातल्या माणसाला आजच सांगा.

चर्चमध्ये खऱ्या मेणबत्तीऐवजी बॅटरीची लावली तर चालेल का? (तरुण संघ, छत्रपती संभाजीनगर)

चालेल. लहान मुलं भोवती असतील, सुकी पानं आणि थर्माकोलचा गोठा शेजारी असेल तर बॅटरीचीच लावा. मला स्वतःला खरी ज्योत आवडते कारण ती हळूहळू झिजते आणि पहिल्या रविवारची मेणबत्ती चौथ्या रविवारपर्यंत सगळ्यात बुटकी झालेली दिसते, ते बघायला छान वाटतं, पण त्यापायी कोणाचा फ्रॉक पेटायला नको.

जूनमध्ये माझे मिस्टर गेले. आता गल्लीत कॅरल सुरू झालीत, चर्चमध्ये सगळे आनंदाचं बोलतात, मला तिथे बसवत नाही. मुलं म्हणतात यंदा कॅरलवाल्यांना आपल्या घरी नको बोलवूया. नातेवाईक म्हणतात असं कसं, प्रभूचा जन्म आहे. (एक भगिनी, वसई)

ताई, तुमच्या दुःखाबद्दल आधी मनापासून सांत्वन. बसवत नसेल तर नका बसू, मधूनच उठून बाहेर आलात तरी प्रभू काही हजेरी घेत नाही. आणि नातेवाईकांना सांगा की नाताळ अजून आलेला नाही, चालू आहे तो आगमनकाळ, आणि त्याची भाषा आनंदाच्या आधी रडण्याची आहे. म्हणून तर मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ह्या चार आठवड्यांत ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात, फुलं आणि वाद्यंसुद्धा बेतानेच ठेवायला सांगितलंय. ह्या काळात यशया वाचतात तो घरदार गमावून परदेशात पडलेल्या लोकांना 'सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा' असं सांगणारा यशया. परदेशात काही चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र असते तेव्हा, खास अशा घरांसाठी वेगळी शांत उपासना ठेवतात, गेलेल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतात, गाणी कमी आणि शांतता जास्त. आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फादरना विचारून बघा, बायबलमधली दोन वाचनं आणि एक प्रार्थना असली तरी पुरे, तुमच्यासारखी आणखी घरं निघतील ह्याची मला खात्री आहे.

कॅरलवाल्यांचं तुमच्या मनाप्रमाणे. नको असतील तर नको. पण मला एक तिसरी वाट सुचते, त्या पोरांना सांगा की आमच्याकडे या, ढोल, टाळ्या आणि सांताक्लॉज बाहेर ठेवा, एकच संथ गाणं म्हणा, मिस्टरांच्या आवडीचं असेल तर तेच, आणि जा. तरुण मुलं समजून घेतात ताई, आपण त्यांना सांगत नाही म्हणून त्यांना कळत नाही.

आणि शेजाऱ्यांना माझी विनंती आहे, हे वाचत असाल तर. दिवाळीला आपल्या महाराष्ट्रात दुःखाच्या घरी तळण होत नाही, आजूबाजूचे डबे भरून फराळ पोचवतात, ही पद्धत आपण नाताळातही पाळूया. ताईंच्या घरी करंज्या आणि केक तुमच्याकडून गेला पाहिजे, आणि नुसता दारातून देऊन जायचं नाही, बसायचं, मिस्टरांबद्दल बोलायचं, त्यांचं नाव घ्यायचं. नाव टाळणं लोकांना चांगुलपणा वाटतो, त्या बाईला ते फार लागतं.

मी कॉलेजमध्ये आहे. मेणबत्त्यांचं चक्र जर्मनीचं, कॅरल इंग्लंडची, आपलं मराठी ख्रिस्ती लोकांचं आगमनकाळात स्वतःचं काही आहे का? (एक विद्यार्थी, अहिल्यानगर)

आहे, आणि तुझ्या ह्या प्रश्नाने मला फार बरं वाटलं. गोव्यात १५७९ साली आलेले इंग्लिश जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स, त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ ला साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांच्या जुन्या पुराणांसारखं वाचायला, ऐकायला काहीतरी हवं होतं, त्यातून ते आलं. ह्याचे दोन भाग आहेत आणि पहिला अख्खा भाग म्हणजे सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणारा येईपर्यंतची वाट, दुसऱ्या भागात ख्रिस्त येतो. आगमनकाळच आहे ना तो, अख्खा जुना करार ओवीत बांधलेला. चारशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत लोक एकत्र बसून ही वाट बघणं ऐकत होते, आणि आपण म्हणतो आपलं काही नाही.

तू तर नगरचा आहेस म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव घरात ऐकलेलं असणार. १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा, त्यांनी मंडळीत भजन आणि कीर्तन धरून ठेवलं. त्यांची पदं आपण आजही उपासनेत पेटी आणि तबल्यावर म्हणतो. मला वाटतं चौथ्या रविवारी तुमच्या तरुण संघाने एक तास कीर्तन ठेवावं. पूर्वरंगाला प्रीती घ्या, १ योहान ४ घ्या, उत्तररंगाला आख्यान म्हणून मरीया डोंगराळ भागात अलीशिबेला भेटायला गेली ती गोष्ट, लूक १. एक म्हातारपणी गरोदर, एक लग्नाआधी, दोघी घाबरलेल्या असणार, दोघींना समजून घेईल असं जगात दुसरं कोणी नाही, आणि लहान मोठीकडे चालत जाते आणि तिथे जवळजवळ तीन महिने राहते. मरीयेचं गाणं त्या घरात सुटतं, देवळात नाही. कीर्तनकाराला ह्याहून चांगलं आख्यान काय मिळणार, आणि चाली आपल्याकडे आहेतच.

शब्बाथशाळेत (चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात) प्रेमाच्या आठवड्यासाठी मुलांकडून काय करून घेऊ? कार्ड दरवर्षी करतो. (एक शिक्षिका, जालना)

कार्ड राहू द्या बाई ह्या वर्षी. लूक ३ मध्ये लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, मग आम्ही काय करावं, आणि तो अगदी रोखठोक सांगतो, दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या, अन्नाचंही तसंच, जकातदारांनो ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, शिपायांनो कोणाला लुबाडू नका आणि पगारात समाधान माना. मुलांना हा भाग वाचून दाखवा आणि प्रत्येकाला विचारा, तुझ्याकडे दोन काय आहे. स्वेटर निघतील, कंपासपेट्या निघतील, कोणी म्हणेल माझ्याकडे दोन आज्या आहेत, तर त्याला सांगा वर्गात कोणाला आजी नाही बघ, एका रविवारी त्याला घेऊन जा घरी. जालन्याला डिसेंबरात थंडी चांगलीच असते आणि ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची मुलं गाडीवर उघडी असतात, स्वेटर तिथे पोचवता येतील. फाटके नकोत, आवडता द्यायचा असेल तरच द्या असं मुलांना सांगा, आणि आईवडिलांना आधी चिठ्ठी पाठवा नाहीतर एखादा पोरगा नवा कोरा गणवेशाचा स्वेटर देऊन येईल. वाटताना फोटो काढायचे नाहीत. मुलांनी त्या मुलांची नावं विचारायची आणि पुढच्या रविवारपासून प्रार्थनेत ती नावं घ्यायची, विखर्नच्या चाकासारखी रोज एक.